बापाच्या आईचं अक्वा

"हात बघ तिचे," मी उलोमाच्या नाकासमोर फोन धरला. "बाळाला असं धरतात? खडूची पेटी धरल्यासारखं धरलंय."

उलोमाने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. तिचं कापडाचं दुकान माझ्या मसाल्याच्या दुकानाला खेटून आहे. बावीस वर्षं झाली, माझ्या शिंका तिच्या गिऱ्हाइकांनी ऐकल्या आणि तिची भांडणं माझ्या गिऱ्हाइकांनी.

"कोट काय झकास आहे गं," ती म्हणाली. "लालभडक."

"कोट नको बघू. हात बघ."

"आणि बूट? आतून लोकर दिसतेय. थांब, मोठं करून बघू दे."

मी फोन काढून घेतला. काही बायकांना दाखवायचं एक आणि त्या बघतात भलतंच.

फोटोतली बाई माझी विहीण. न्वाकाएगो तिचं नाव. पस्तीस वर्षं शाळेत होती, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापिका. तोंडावर मी तिला विहीणबाई म्हणते, पाठीमागे हेडबाई. तिच्या हातातलं बाळ माझी नात. माझ्या ओकेझीची मुलगी, माझ्या एकुलत्या एका मुलाची पहिली मुलगी, कॅनडात विनिपेग म्हणून गाव आहे तिथे जन्मली. मी तिला अजून हात लावलेला नाही.

आमच्यात मुलीचं बाळंतपण करायला तिची आई जाते. त्याला ओमुग्वो म्हणतात. गरम पाण्याने पोट शेकायचं, बाळ चोळायचं, बाळंतिणीला तिखट रस्सा पाजायचा, आणि परत येताना नवं लुगडं नेसून मान ताठ करून यायचं. नवऱ्याच्या आईची पाळी नंतर. रीत आहे, रीतीला मी नावं ठेवत नाही. पण अर्ध्या अबा शहरातल्या बाळंतिणींची पोटं माझ्या मसाल्याने जागेवर आली आहेत. लंडनला जाणाऱ्या आया माझ्या दुकानावरून जातात. आणि माझ्याच सुनेच्या, ओलाएदोच्या बाळंतपणाला कोण गेलं? जिला कांदा चिरताना चष्मा लागतो ती.

माझे व्हिसाचे कागद अजून फिरताहेत. या खिडकीतून त्या खिडकीत. तोवर मला नात दिसायची ती फेसबुकवर, हेडबाईंच्या मांडीवर.

फेसबुकवर मला उलोमानेच बसवलं. म्हणाली, दुकानाचा फोटो टाक, गिऱ्हाईक वाढेल. वाढलं, खोटं कशाला बोलू. पोर्ट हारकोर्टहून बायका विचारायला लागल्या. माझ्याबरोबर तिसरीपर्यंत शाळेत असलेली एन्केची पन्नास वर्षांनी सापडली, दात पडलेले, पण हसणं तेच. त्रासही आहेच. कुठला कोण गणवेशातला गोरा रोज सकाळी "सुंदरी, उठलीस का" विचारतो. साठीच्या बाईला सुंदरी म्हणणाऱ्याला एक तर दिसत नाही किंवा काही तरी हवं असतं. कुणी प्रार्थना टाकतं आणि खाली लिहितं, आमेन लिहिलं नाहीत तर अनर्थ होईल. मी लिहीत नाही. अजून जिवंत आहे.

आणि लिहिण्याचे घोटाळे तर विचारूच नका. आमच्या भाषेत अक्वा म्हणजे कापड, अक्वा म्हणजे अंडं, अक्वा म्हणजे खाट आणि अक्वा म्हणजे रडणंसुद्धा. बोलताना आवाज वर-खाली केला की लहान पोरालाही कळतं. फोनवर लिहिताना आवाज कुठून आणणार? गेल्या वर्षी उलोमाच्या दिराने लिहिलं, "पाहुणे आलेत, बारा अक्वा घेऊन ये, पांढरी बघून आण." ही बाई बारा पांढरी कापडं घेऊन गेली. पाहुणे उपाशी राहिले. दीर म्हणाला, "वहिनी, आता हीच तळून वाढ." अख्खा बाजार हसला. सगळ्यांत मोठ्याने मी.

हेडबाई जाण्यापूर्वी माझ्या दुकानावर आल्या होत्या. पांढरा झगा, बगलेत वही. माझ्या पाटीसमोर उभ्या राहिल्या आणि पर्समधून खडू काढला. खरंच, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली बाई पर्समध्ये खडू ठेवते.

"रागावू नका हं, ओकेझीची आई," म्हणाल्या, "पण खुणा दिल्या नाहीत तर अर्थ बदलतो."

आणि माझ्या पाटीवर, माझ्या गिऱ्हाइकांसमोर, अक्षरांच्या डोक्यावर तिरक्या रेघा मारल्या. एक इकडे कललेली, एक तिकडे. मी हसून "थँक्यू मॅडम" म्हणाले. त्या गेल्यावर ओल्या फडक्याने पुसून काढल्या.

पण त्याआधी त्यांनी वही उघडून मला प्रश्न विचारले होते.

"रश्श्यात उदाच्या शेंगा किती मिनिटं उकळायच्या?"

"वास सुटेपर्यंत."

"म्हणजे किती मिनिटं?"

"बाई, नाकाला घड्याळ असतं का?"

त्यांनी वहीत लिहिलं. काय लिहिलं देव जाणे. मी उदाच्या काळ्या, वासाच्या शेंगा बांधल्या, उझिझाचे तिखट दाणे बांधले, वाळवलेला मासा तोडून बांधला. सगळ्या पुड्यांना माझी लाल दोऱ्याची गाठ, दोन वेढे आणि आत वळवलेलं टोक. ती गाठ दुसरं कुणी मारत नाही. मग सगळं मिळून एका जुन्या कापडात गुंडाळलं. निळं, त्यावर पिवळे मासे. ओकेझीला पाठीशी बांधून मी याच कापडात बाजार केला. त्याचे दात आले तेव्हा त्याने त्याचीच कड चावली. धुवून धुवून लोण्यासारखं झालेलं. आदल्या रात्री मधोमध कापलं होतं, अर्धं ठेवलं, अर्धं हे.

"हे फडकं?" हेडबाईंनी विचारलं.

"मसाला बांधायला," मी म्हणाले. "तिथे पोचलं की फेकून द्या."

नातीसाठी आहे असं तोंडातून निघालं नाही. तिच्यासमोर तर नाहीच.

मग फोटो सुरू झाले. रोज एक. हेडबाई बर्फात. हेडबाई बाळाला न्हाऊ घालताना, आणि न्हाणं म्हणजे काय, तर दोन बोटांनी पाणी शिंपडलं. खाली चारशे अंगठे. पस्तीस वर्षांचे विद्यार्थी आहेत ना, एकेक जण "आमच्या बाई, आमच्या बाई" करत यायचा. एके दिवशी रश्श्याची कढई टाकली. वर लिहिलेलं, "आजीच्या हातचा रस्सा." कढईशेजारी ओट्यावर माझ्या लाल दोऱ्याची पुडी पडलेली. मी फोटो मोठा करून बघितला. दोन वेढे, टोक आत.

"बघितलंस?" मी उलोमाला म्हणाले. "आजीच्या हातचा! कुठल्या आजीच्या?"

"तीही आजीच आहे की."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी कोटाच्या बाजूने आहे," उलोमा म्हणाली.

त्या दिवशी मी तीन गिऱ्हाइकांवर खेकसले. घरी गेले तरी तीच कढई डोळ्यांसमोर. माझा मुलगा तो रस्सा पीत असणार. माझ्या हाताची चव जिभेवर आणि कौतुक तिचं. कुठलं दुखणं असतं हे? पोटात दुखलं तर मी उझिझा चावते. यावर काय चावायचं?

ओकेझीला फोन लावला. बोलायचं ठरवलं होतं कागदांबद्दल, आणि बाळाचा आवाज ऐकू आला. खोकल्याएवढासा आवाज. मी रडले. नवऱ्याला पुरलं तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, हिच्या डोळ्यांत पाणी नाही. तीच मी, फोन कानाला लावून नाक ओढत बसले.

"आई, असं काय करतेस? येशीलच की तू."

"कुणाला सांगू नकोस."

"कुणाला सांगणार आहे मी?"

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी माझ्या फोनमधलं इंटरनेट संपलं. संपलं की फेसबुक फुकटात चालतं, पण नुसती अक्षरं दिसतात. फोटोच्या जागी राखाडी चौकोन. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी बोट लावून एकेक अक्षर वाचत बसले. हेडबाईंचं नाव. खाली राखाडी चौकोन. वर लिहिलेलं:

"आमच्या घरात रात्रंदिवस बापाच्या आईचं अक्वा. सुटका म्हणून नाही!" आणि पुढे हसणारी तीन तोंडं.

मी पुन्हा वाचलं. बापाच्या आईचं रडं. रात्रंदिवस. सुटका नाही. हसणारी तोंडं.

म्हणजे त्याने सांगितलं. माझ्या पोटच्या पोराने बायकोला सांगितलं, बायकोने आईला, आणि आईने साऱ्या जगाला. खाली लोक हसत होते. एका विद्यार्थ्याने लिहिलेलं, "सगळ्या घरांत हेच, बाई!" दुसरीने, "त्या आजीबाईंना आमचा नमस्कार सांगा."

नमस्कार!

मला लिहायला वेळ लागतो. तिसरीची अक्षरं, एक बोट. पण त्या दिवशी बोट असं चाललं की दोनदा उलोमाने विचारलं, "कुणाला भोसकतेयस?" लिहिलं:

"विहीणबाई, तुमची स्वतःची पोर मोलकरणीच्या पाठीवर वाढली. शाळेची घंटा सोडून तुम्हाला कुणाचा आवाज कधी ऐकू आला नाही. आता माझा येतोय का? रस्सा माझ्या मसाल्याचा, नात माझ्या मुलाची. तुमचा फक्त कोट, आणि तोही तिथलाच."

पाठवलं.

काय सांगू, ती दुपार कशी गेली. अंगठे आले, हसणारी तोंडं आली, अनोळखी बायका "बरोबर बोललात माई" म्हणाल्या. दीडशे झाले, दोनशे झाले. माझ्या बोलण्यावर आयुष्यात कधी दोनशे माणसं हसली नव्हती. उलोमाने तिच्या फोनवर वाचलं तेव्हा मात्र ती हसली नाही.

"मोलकरणीचं कशाला काढलंस?" ती म्हणाली.

"खोटं आहे का?"

"खरं आहे म्हणून तर विचारतेय."

"तू तुझी कापडं विक."

ती आणखी काही तरी बघत होती, फोन जवळ धरून. मग माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून मिटलं. गिऱ्हाईक काही आलं नव्हतं.

संध्याकाळी दुकान आवरताना ओकेझीचा फोन आला. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मीही ओरडले असते.

"आई, काय लिहिलंस ते?"

"तिने काय लिहिलं ते वाच आधी."

"काय लिहिलं?"

"माझं रडं! रात्रंदिवस, सुटका नाही! तुला सांगितलं होतं कुणाला बोलू नकोस."

तिकडे पाठीमागे नळ चालू होता, मग बंद झाला.

"आई," तो म्हणाला, आणि तो शब्द म्हणाला. पहिला आवाज वर, दुसरा खाली. "कापड. कापड, आई. रडणं नाही. फोटो बघितला नाहीस का तू?"

उदाच्या शेंगांची टोपली माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली.

"ते निळं कापड. मासे असलेलं. तू मसाला बांधून दिलास ना, ते. त्यांनी बघताक्षणी ओळखलं ते कशासाठी आहे. धुतलं नाही, म्हणाल्या, वास जाईल. बाळ दुसऱ्या कशात झोपतच नाही. काढून घेतलं की किंचाळते. रात्रंदिवस तेच अंगावर. तेच लिहिलं त्यांनी."

मी टोपलीशेजारीच बसले.

"आणि हे फोटो त्या कुणासाठी टाकत होत्या? ओलाएदोला आवडत नाही बाळाला असं जगासमोर ठेवलेलं. रोज वाद व्हायचा मायलेकींचा. त्या म्हणायच्या, तिकडे एक बाई वाट बघत असते, एक टाकू दे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस का?" मग तो हळू बोलला. "मोलकरणीचं तू कशाला काढलंस, आई? नवरा गेला तेव्हा ओलाएदो दोन महिन्यांची होती. शाळेत नसत्या गेल्या तर खाल्लं काय असतं? त्या सकाळपासून खोलीतून बाहेर आलेल्या नाहीत."

फोन ठेवून त्याने मला तो फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी इंटरनेट भरलं तेव्हा उघडला. माझी नात झोपलेली. तोंड उघडं, ओकेझीचं झोपेत असायचं तसंच. मुठीत निळ्या कापडाची कड, पिवळ्या माशाचं शेपूट बोटांमधून बाहेर आलेलं. अंगावर फक्त एक हात, म्हातारा, बोटांवर शिरा उठलेला. खडूची पेटी धरल्यासारखा नव्हता. अंड्यावर ठेवावा तसा होता.

मग हेडबाईंच्या पानावर गेले. बर्फ नव्हता, कढई नव्हती, न्हाणं नव्हतं. सगळं काढून टाकलेलं. माझे दोनशे अंगठेही त्याबरोबर गेले. सगळ्यांत वर राहिला होता सात वर्षांपूर्वीचा एक फोटो, शाळेच्या पायरीवर मुलांबरोबर.

दिवसभर मी दर गिऱ्हाइकामागे फोन बघितला. दुसऱ्या दिवशीही. राखाडी चौकोनसुद्धा नाही.

"तुला त्या दुपारीच कळलं होतं," मी उलोमाला म्हणाले.

"मला फोटो दिसत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालीस, कापडं विक." थोड्या वेळाने तिने स्टूल माझ्या बाजूला ओढलं. "फोन कर तिला. चूक झाली म्हण."

"मी?"

"नाही, मी करते. म्हणते, बारा पांढऱ्या कापडांची बाई बोलतेय, अशी चूक कशी होते ते मला ठाऊक आहे."

मी हसले नाही. तीही नाही.

मी फोन हातात घेतला नाही असं नाही. तीनदा फोनवर त्यांचं नाव शोधून काढलं. पण फोनवर आवाज लागतो, आणि माझा आवाज मला ठाऊक आहे. मी माफी मागायला तोंड उघडलं असतं आणि तिसऱ्या वाक्याला त्या खडूवर आले असते. ओकेझीला सांगावं म्हटलं, तर मुलाच्या तोंडून माफी पाठवणं म्हणजे उष्टं ताट पुढे करणं.

तिसऱ्या दिवशी दुकानावर गेले तेव्हा आधी पाटीसमोर उभी राहिले. हेडबाईंच्या रेघा कुठे होत्या ते आठवून बघितलं. पहिल्या अक्षरावर होती, इकडे कललेली की तिकडे? ओल्या फडक्याने पुसलेलं परत येत नाही. माझ्या पाटीवर खुणा देणारी बाई स्वतःच्या फोनवर मात्र द्यायची विसरली, एवढा एक मुद्दा माझ्या बाजूने होता. तो मी दोन दिवस तोंडात घोळवला. त्यात चव नव्हती.

त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. उलोमाने विचारलं, "बरं नाही का?" म्हटलं, "काम आहे."

घरी येऊन लोखंडी पेटी उघडली. कापडाचा उरलेला अर्धा भाग तळाशी होता. खिडकीतून ऊन येत होतं तेवढ्यात तो खाटेवर पसरला, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. कापलेली कड बाहेरच्या बाजूला घेतली. तिथे एक मासा अर्धाच होता, डोकं आणि डोळा. शेपूट विनिपेगला.

फोटो काढायला उलोमाला बोलावता आलं असतं. मीच काढला. पहिल्यात माझा अंगठा आला, दुसऱ्यात सावली. तिसरा बरा आला.

माझ्या पानावर तोवर मसाल्याच्या पुड्यांखेरीज काही नव्हतं. तिथे तो टाकला. खाली काय लिहावं याचा विचार केला. लांबलचक लिहिता आलं असतं, राग आला की येतंच. बोटाने एकच शब्द दाबला. अक्वा.

तिसरीपर्यंत शाळा झाली माझी. वरच्या रेघा कुठे द्यायच्या, कुठली इकडे आणि कुठली तिकडे, ते हेडबाईंना ठाऊक. मी वरची जागा कोरी ठेवली.

पाठवलं, आणि फोन कमरेच्या गाठीत खोचून चुलीपाशी गेले.